मुहर्रकचे ग्रीक टीकाकार

आखातात राहणाऱ्या माणसाच्या पलंगाखाली खोकी साठतात. गावी न्यायच्या वस्तू एकेक करून त्यांत पडत जातात, आणि निघायच्या दिवशी लक्षात येतं की विमानात एवढं वजन चालणार नाही. किश्शांचंही तसंच. फरक एवढाच की विमानतळावर किस्से कुणी तोलत नाही. बहारीनमध्ये मी अकरा वर्षं काढली. परतताना खोकी तिथेच वाटून टाकली आणि किस्से तेवढे घेऊन आलो. ते सांगण्यासारखे आहेत की नाहीत, याची मला खात्री नाही. कदम सांगायचे तेव्हा लोक पोट धरून हसायचे. मी सांगतो तेव्हा लोक 'अच्छा' म्हणतात.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. ग्रीकांच्या महाकाव्यात देवादिकांच्या ज्या कथा आहेत, त्यांचा अर्थ प्राचीन टीकाकारांनी कसकसा लावला, या विषयावर मी पुण्यात डॉक्टरेट केली. मग एका कॉलेजच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं, "या विषयाची आपल्याकडे कितपत गरज आहे?" मी बराच विचार करून म्हणालो, "मलाही तोच प्रश्न पडतो." नोकरी दुसऱ्याला मिळाली. मी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हिद्दच्या बाजूला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका गोदीच्या टेक्निकल लायब्ररीत पंपांची आणि बॉयलरची मॅन्युअलं सांभाळायला लागलो.

पुण्याचे एक प्रकाशक मात्र माझ्या विषयावरचं मराठी पुस्तक छापायला तयार होते. अट एकच: सामान्य वाचकाला कळलं पाहिजे. हस्तलिखित लिहून झालं होतं. पाठवायचं धाडस होत नव्हतं. 'एक प्रकरण नीट करतो आणि धाडतो' असं मी चार वर्षं लिहीत होतो. शेवटी प्रकाशकांचं कार्ड आलं: 'दिवाळीपर्यंत हस्तलिखित न आल्यास विषय संपला असे समजू.'

ते कार्ड येण्याच्या कितीतरी आधीपासून मी दर शुक्रवारी एकेक प्रकरण मित्रांना वाचून दाखवत होतो. कल्पना कदमांची. गणपत कदम चिपळूणकडचे, एसी मेकॅनिक. "सर, आम्हाला वाचून दाखवा. आम्हाला कळलं तर कुणालाही कळेल!" सुट्टीच्या सकाळी आम्ही मुहर्रकला त्यांच्या खोलीवर जमायचो, कारण अख्ख्या गल्लीत तिथला एसी सगळ्यात थंड होता. आम्ही म्हणजे कदम, मी, इस्पितळात स्टाफ नर्स असलेल्या परुळेकरबाई, त्यांचे यजमान, आणि जुफैरहून गाडीने येणारे दामले. दामले बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि मला 'डॉक्टर' म्हणत. त्यात आदर किती असे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्याच शुक्रवारी परुळेकरबाईंनी अट घातली. "सर, नावं घ्यायची नाहीत. एकेक नाव म्हणजे अर्धा शुक्रवार! राजा, राणी, वीर, देव, एवढं पुरे."

तेव्हापासून मला नावांशिवाय सांगायची सवय लागली. इथेही तसंच सांगतो.

*

पहिलं प्रकरण देवांच्या राणीचं होतं. महाकाव्यात देवांचा राजा आपल्या राणीला दम देतो की मागे तुला आकाशात टांगली होती, आठवतं ना? हात सोन्याच्या साखळीने बांधलेले, आणि पायांना लोहाराच्या दोन ऐरणी. वाचणाऱ्यांना याची लाज वाटायला लागली. देव असं कसं वागेल? तेव्हा टीकाकार म्हणाले, ही मारझोड नव्हेच. राणी म्हणजे हवा. वरची ऐरण पाणी, खालची पृथ्वी. कवीने सृष्टीची रचना सांगितली आहे.

मी वाचन थांबवलं. मला वाटलं, बरं जमलंय.

परुळेकरबाई म्हणाल्या, "सर, आमच्या कॅज्युअल्टीला बायका येतात. डोळा सुजलेला, हात मोडलेला. विचारलं की म्हणतात, जिन्यावरून पडले. तुमचा हा टीकाकार तिथे ड्युटीला असता ना, तर 'जिना म्हणजे हवा' असं लिहून डिस्चार्ज देऊन मोकळा झाला असता!"

मी कदमांकडे पाहिलं. कदम खिडकीतल्या एसीकडे बघत होते. त्याच्याखाली बादली ठेवलेली होती आणि तीत टपटप पाणी पडत होतं.

"बाकीचं माहीत नाही सर," ते म्हणाले, "पण हवेखाली पाणी लोंबतं हे शंभर टक्के खरं आहे. रोज दोन बादल्या ओततो मी."

*

एक टीकाकार तर फारच पुढे गेला होता. त्याने महाकाव्यातल्या माणसांचीही वाटणी करून टाकली. सगळ्यात मोठा वीर म्हणजे सूर्य, शत्रूकडचा वीर म्हणजे चंद्र, जिच्यामुळे युद्ध झालं ती पळवलेली राणी म्हणजे पृथ्वी, आणि तिला पळवणारा राजपुत्र म्हणजे हवा.

"आणि तिचा नवरा?" कदमांनी विचारलं.

"कुणाचा?"

"त्या राणीचा हो. ज्याची बायको पळवली, तो काय झाला?"

मी कागद चाळले. दोनदा चाळले. नवऱ्याच्या वाट्याला त्या टीकाकाराने काही दिल्याचं निदान माझ्या टिपणांत तरी नव्हतं. मी तसं सांगितलं.

श्री. परुळेकर कोपऱ्यात गादीला टेकून झोपलेले असत. दर शुक्रवारी ते तसेच झोपत. त्या दिवशी त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "बरोबर आहे."

त्या सगळ्या वर्षांत ग्रीक वाङ्मयावर ते एवढंच बोलले.

*

माझ्या साहित्यसेवेचा प्रत्यक्ष उपयोग एकदाच झाला, आणि तोही चुकून.

महाकाव्याच्या सुरुवातीला सैन्याच्या छावणीत साथ येते. धनुर्धारी देव बाण सोडतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. टीकाकार विचारतात, आधी जनावरंच का? उत्तर असं की बाण म्हणजे उन्हाचे किरण. तापलेल्या जमिनीतून दूषित वाफ वर येते. खेचराचं आणि कुत्र्याचं नाक जमिनीजवळ, म्हणून ती आधी बळी पडतात.

ऑगस्टमध्ये लायब्ररीत मी या भागाचं इंग्रजी टिपण टाइप करत होतो. ऑफिसच्या वेळेत करायला नको होतं, हे मान्य. मागे आमचे साहेब येऊन उभे राहिले. हे स्कॉटलंडचे. बोलायचे कमी.

"काय चाललंय?"

माझ्या तोंडून निघालं, "उष्णता, सर."

"उष्णता? शाब्बास! कॉपी पाठव."

नाही म्हणायची हिंमत मला कधीच नव्हती. देव, खेचरं आणि कुत्री गाळून मी अर्ध्या पानाचं टिपण पाठवलं. त्यात उरलं एवढंच की उष्णतेचा त्रास आधी सगळ्यात खाली असणाऱ्यांना होतो. पंधरा दिवसांत सर्क्युलर निघालं. गोदीच्या तळाला आणि टाकीच्या आत काम करणाऱ्यांना सगळ्यात आधी ब्रेक द्यायचा, थंड पाणी आधी खाली पोचवायचं.

साहेबांनी मला बोलावलं. "चांगलं टिपण. कुठून घेतलंस?"

"जुने ग्रंथ आहेत सर."

"किती जुने?"

"बरेच."

साहेबांनी मान डोलावली. "युद्धाआधीचं काम पक्कंच असायचं!"

कुठलं युद्ध, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. परुळेकरबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढा एक टीकाकार आमच्याकडे पाठवून द्या. बाकीचे तुमच्याकडेच असू देत."

*

कदमांचे घरमालक अबू जासिम. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी गलबतावर नाखुदा, म्हणजे कप्तान, होते. खजूर आणि मोती घेऊन मुंबईला किती खेपा केल्या, ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यामुळे हिंदी अस्सल मुंबईच्या बंदरावरची. एका शुक्रवारी ते पाण्याच्या मोटरची तक्रार ऐकायला आले आणि बसून राहिले. कदम त्यांना वाचनाचं हिंदी करून सांगू लागले.

त्या दिवशी वाऱ्यांच्या पिशवीची कथा होती. दुसरा एक वीर युद्धावरून घरी निघालाय. वाऱ्यांचा राजा त्याला सगळे उलटे वारे एका कातडी पिशवीत बांधून देतो. नऊ दिवस, नऊ रात्री वीर स्वतः सुकाणू धरून बसतो. दहाव्या दिवशी गाव दिसतं, किनाऱ्यावर पेटवलेल्या शेकोट्या दिसतात, आणि त्याला झोप लागते. खलाशांना वाटतं, पिशवीत सोनं आहे. ते ती सोडतात आणि जहाज पुन्हा उधळून लांब जातं.

मी पुढे वाचू लागलो. हा प्रवास नेमका कुठल्या समुद्रात झाला, यावर टीकाकार भांडत बसले. तेव्हा एका मोठ्या भूगोलवेत्त्याने टोला हाणला की ती पिशवी ज्या चांभाराने शिवली तो आधी शोधून काढा, मग जागा सापडेल.

दामले खुश झाले. "हा माणूस बँकेत चालला असता!"

अबू जासिम मात्र हसले नाहीत. त्यांनी कदमांना विचारलं, "घर दिखता है, और नाखुदा सोता है?"

"हां."

"झूठ!" त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "पिशवी ठीक है. हवा का राजा ठीक है. सब इंशाल्ला ठीक है. लेकिन घर सामने, और नाखुदा सोता है? ये आदमी कभी दर्या में गया नहीं!"

मी हादरलो. देव, राक्षस, वाऱ्याची पिशवी या सगळ्यांवर टीकाकारांनी शंका घेतली. झोपेवर कुणी शंका घेतल्याचं मी वाचलेलं नव्हतं. आता हे प्रकरण पुन्हा लिहावं लागणार, असं मनात आलं.

तेवढ्यात कदम सावकाश म्हणाले, "नाही हो बाबा. लागते झोप."

"काय?" मी विचारलं.

"मी दोन वर्षांनी गावी जातो तेव्हा. इथून निघायच्या आधी आठवडाभर डोळ्याला डोळा लागत नाही. विमानात बसतो, जागाच असतो. आणि खाली मुंबईचे दिवे दिसले रे दिसले की मेल्यासारखा झोपतो. दर वेळी हवाईसुंदरी हलवून उठवते!"

त्यांनी हे हिंदीत करून सांगितलं. अबू जासिम उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "मोटर का आदमी कल भेजता हूँ."

आठ महिने बंद पडलेली मोटर दुसऱ्या दिवशी चालू झाली.

*

आता ग्रंथालयवाल्यांचं प्रकरण. खरं म्हणजे हे सांगावं की नाही, याबद्दल मी अजून साशंक आहे.

महाकाव्य शेकडो वर्षं तोंडातोंडी आणि प्रतीप्रतींतून आलेलं. कुणीही मध्ये ओळी घुसवलेल्या. पुढे एका मोठ्या ग्रंथालयात विद्वानांनी सगळ्या प्रती समोर ठेवून खरी ओळ कुठली आणि उपरी कुठली, ते तपासायला घेतलं. त्यांची पद्धत मला फार आवडते. संशयित ओळ ते खोडत नसत. समासात, त्या ओळीच्या आधी, एक छोटी आडवी रेघ ओढत. अर्थ एवढाच: ही ओळ कवीची वाटत नाही. ओळ तिथेच राहायची. पुढच्याने काय ते ठरवावं.

"पण ओळखायचं कसं?" दामल्यांनी विचारलं. "कवी तर मेलेला."

"कवीवरूनच कवी ओळखायचा. त्याचा आवाज एकदा कानात बसला की परकी ओळ खटकते. शिवाय दोन प्रती ताडून पाहायच्या. एका प्रतीत आहे आणि दुसरीत नाही, अशी ओळ असली की संशय घ्यायचा."

कदमांनी त्या दिवशी एवढंच विचारलं, "आणि चुकून खऱ्या ओळीवर रेघ पडली तर?"

"तर काय! ओळ आहेच ना तिथे."

"हे बरं आहे," कदम म्हणाले.

पुढच्याच महिन्यात कदम गणपतीला गावी निघाले. प्रकाशकांचं शेवटचं कार्ड आलेलं होतं. "सर, द्या बांधून. पुण्याला माझी बहीण आहे. मी स्वतः हातात नेऊन देतो." मी हस्तलिखित जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दिलं. घरी गेलो आणि सातव्या प्रकरणातलं एक विधान आठवलं. टॅक्सी करून विमानतळ गाठला. कदम काचेपलीकडे रांगेत उभे होते. मी हातवारे केले की ते परत द्या. त्यांनी पिशवी छातीशी धरली, पासपोर्टवर बसलेला शिक्का मला दाखवला आणि तोंड उघडून, आवाज न येता, म्हणाले, "खलास सर!"

सहा आठवड्यांनी प्रकाशकांचं पत्र आलं. 'हस्तलिखित मिळाले. समासात रेघा ओढलेल्या ओळी आपल्या इच्छेप्रमाणे वगळून मजकूर जुळणीस दिला आहे. नमुन्यादाखल चार पाने सोबत. हरकत असल्यास त्वरित तार करावी.'

रेघा? मी रेघा ओढल्या नव्हत्या.

चार पानं पाहिली. 'अर्थात प्रस्तुत लेखकाचा हा तर्क चुकीचा असण्याचा संभव आहे', आधी रेघ. 'या विषयावर लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही याबद्दल लेखक साशंक आहे', रेघ. 'जाणकारांनी क्षमा करावी', रेघ. 'कदाचित याच्या नेमके उलटही असेल', रेघ. पेन्सिलीची, बारीक, पट्टी लावून ओढलेली.

मी तारेचा फॉर्म भरला: 'छपाई थांबवा. पत्र पाठवत आहे.' पण पाठवायला गेलो नाही. चार दिवस तो शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. गुरुवारी कदम परतले. शुक्रवारी सकाळी मी मुहर्रकला गेलो. मंडळी जमलेली होती. मी बसलोही नाही.

"कदम, या रेघा तुम्ही ओढल्यात?"

"होय सर."

"मला न विचारता?"

"गावी पाऊस लागून राहिला होता. अठरा दिवस घरात बसून सगळं वाचलं. दोनदा वाचलं." ते उठून उभे राहिले. "सर, तुम्हीच शिकवलंत. आवाज कानात बसला की परकी ओळ खटकते. चार वर्षं दर शुक्रवारी तुमचं ऐकतोय. त्या ओळी तुमच्या नाहीत."

"अहो, अक्षर माझं आहे! शाई माझी आहे! मी लिहिल्यात त्या!"

कदम जरा घोटाळले. दामल्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हे माझ्या बाजूने बोलतील.

"डॉक्टर," दामले म्हणाले, "दोन प्रती ताडून पाहायच्या, असं म्हणाला होतात तुम्ही. इथे वाचून दाखवताना यातली एकही ओळ तुम्ही वाचलेली नाहीत. मी हजर होतो."

शुक्रवारी इथे वाचायचं आणि शनिवारी कामावरून आल्यावर टेबलाशी बसून दुरुस्त्या करायच्या, असा माझा क्रम होता.

"तेच तर!" कदमांना एकदम जोर आला. "अक्षर तुमचं असेल सर. पण ओळी मागाहून कुणीतरी घुसवल्यात!"

श्री. परुळेकर झोपलेले होते. एसी चालू होता. परुळेकरबाईंनी माझ्या खिशातून डोकावणारा तारेचा फॉर्म काढून घेतला आणि वाचला. पर्समधून पेन काढलं, फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या शब्दाच्या आधी एक छोटी आडवी रेघ ओढून तो माझ्या हातात परत दिला.

"खोडलेलं नाही हं सर," त्या म्हणाल्या.